भागिलेच्या जागी गुणिले

एकदा एका तळ्याकाठी एक वृद्ध संगणकगुरू राहत असत. तिथे भर दुपारीही धुकं पुरतं विरत नसे. गुरुजी बोलता बोलता डोळे मिटत; ते झोपले आहेत की विचारात आहेत, हे त्यांची शिष्या शाल्मली हिला कधीच कळलं नाही.

त्या दुपारी ती घाईत होती. मुलांच्या एका इस्पितळासाठी तिने वेबसाइट लिहिली होती. नर्सने बाळाचं वजन टाकलं, की औषध किती मिलिलीटर द्यायचं ते पडद्यावर येई. संध्याकाळी ती सुरू व्हायची होती.

"गुरुजी, नुसती नजर टाका. आकड्याच्या जागी आकडा, नावाच्या जागी नाव. हे तपासणाऱ्या टाइप-चेकरची एकही तक्रार नाही. प्रत्येक हिशेब पडताळायला टेस्ट आहे, आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास!"

गुरुजींनी डोळे किलकिले केले, कीबोर्ड ओढला आणि औषधाच्या हिशेबातलं भागिलेचं चिन्ह पुसून तिथे गुणिलेचं ठेवलं. मग पुन्हा डोळे मिटले.

शाल्मली ताडकन उठली. "अहो, हे काय केलंत? एखाद्या बाळाच्या जिवावर बेतेल!"

"टेस्ट चालव."

तिने चालवल्या. टाइप-चेकर गप्प. टेस्ट सगळ्या हिरव्याच.

"समोरचं तळंही हिरवंगार आहे. पिशील का त्यातलं पाणी?" गुरुजी म्हणाले. "अगं, टाइप-चेकरने आपलं काम चोख केलं. चुकीचा आकडाही आकडाच असतो. बरोबर की चूक, हे पाहणं टेस्टचं काम. तुझ्या टेस्टला बरोबर उत्तर सांगितलं कोणी?"

शाल्मलीने टेस्ट उघडली आणि ती ओशाळली. पडताळायचं 'बरोबर' उत्तरही तिने त्याच हिशेबाकडून मागवलं होतं. चुकणाऱ्यालाच 'चुकलास का?' म्हणून विचारलं, तर तो नाहीच म्हणणार, दुसरं काय!

तिने इस्पितळातल्या डॉक्टरांना फोन लावला. "बारा किलोच्या बाळाला किती?" "पाच मिलिलीटर." तो पाच तिने स्वतःच्या हाताने टेस्टमध्ये लिहिला. टेस्ट लाल झाली. लाल रंग पाहून तिला इतका आनंद कधीच झाला नव्हता. तिने भागिलेचं चिन्ह परत ठेवलं.

मधेच उठून गेलेले गुरुजी चहा घेऊन धुक्यातून परतले. "झालं हिरवं?"

"झालं होतं. पण इस्पितळाला मी उद्याचं कळवलंय," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "आता दुसऱ्या हिशेबातलं एक चिन्ह मीच मुद्दाम बिघडवलंय. लाल होतंय का बघते."

गुरुजी हसले, आणि या वेळी मात्र खरोखरच झोपी गेले.