काजवा फोन की मोर फोन

वेळ पहाटेची, ठिकाण जांभूळबनातलं तळं. प्राणी नुकतेच फोन वापरू लागले होते, त्या काळातली ही गोष्ट. धुक्यात सगळ्यांचे मोर फोन निळे लुकलुकत होते. रेवा भेकरीकडे मात्र काजवा फोन होता, आणि पोटाशी तहानलेलं पाडस.

"वहिनी, पाण्याची पाळी मोरावरच लागते," पाणी पंचायतीचं माकड फांदीवरून म्हणालं. "सोडा ते काजव्याचं खूळ. त्यावर ना गाणी, ना गप्पा!"

"खरंय भावोजी, फारसं काही चालत नाही त्यावर. पण चार्जिंग संपता संपत नाही, आणि मी कुठं निजते ते तो कुणाला सांगत नाही."

"एवढं काय लपवायचंय बाई तुम्हाला?" माकड खिदळलं.

"पाणी रानाचं आहे. ते प्यायला अमुकच फोन हवा, हे ठरवलं कुणी?"

"वरून आलंय."

रेवाने वर पाहिलं. वर फक्त चंद्र विरघळत होता.

पाडसाने कोरडी जीभ ओठांवरून फिरवली. तेव्हा रेवाने काजवा देऊन मोर घेतला. मोराने तिचं नाव विचारलं, निजायची जाळी विचारली आणि दुसऱ्या पहाटेची पाळी दिली.

दुसऱ्या पहाटे पाडस पोटभर पाणी प्यालं. दोघं धुक्यातून डुलत घरी निघाली. जाळीजवळ येताच रेवा थबकली. आत बिबट्या बसला होता. दोघं पळाली म्हणून वाचली.

त्या जाळीत बिबट्या आजवर कधीच आला नव्हता. त्याला ती कुणी दाखवली, हे पंचायतीने अजून सांगितलेलं नाही.