परांचीची जागा

गावात पहिली मोटार अजून यायची होती, तेव्हाची गोष्ट. केरोपंतांनी दुमजली घर बांधलं. दर्शनी भिंतीत भोकं ठेवून त्यांत बांबू खोचले, आणि त्या परांचीवर उभं राहून गवंड्यांनी नक्षीची कमान चढवली. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी परांची उतरली. गवंडी भोकं बुजवू लागले.

"नीट बुजवून घे बाई," कमान भिंतीला म्हणाली. "नाहीतर पाहुणे विचारतील, तुम्हाला कुणी धरलं होतं?"

"विचारू देत की. धरलं होतंच."

कमानीच्या दोन्ही बाजूंची भोकं तेवढी उरली, तशा केरोपंतांच्या पत्नी अनसूयाबाई म्हणाल्या, "अहो, ही राहू द्या. ज्यांच्या आधारानं घर उभं राहिलं, त्यांना उद्या जागा नाही म्हणायचं का?"

केरोपंत हसले. भोकं राहिली. कमान मात्र त्या भोकांकडे बघून कायम नाक मुरडायची.

नातवंडांच्या काळात कमानीत पिंपळ रुजला आणि तिच्या विटा सुटू लागल्या. परांचीसाठी जुन्या भिंतीत नवं भोक पाडावं, तर कमानच खाली यायची. सगळे काळजीत पडले. तेवढ्यात गवंड्यानं उचललेल्या एका बांबूचं टोक चाचपडत वर, त्या जुन्या भोकापाशी आलं.

"ये रे," भिंत म्हणाली. "तुझ्या आजोबांची जागा ठेवलीय."

बांबू बसले, कमानीला टेकू मिळाला, पिंपळ निघाला, विटा पुन्हा जागेवर बसल्या. परांची उतरली, तशी कमान त्या भोकांकडे बघत राहिली.

"आता विचारू देत पाहुण्यांना," ती म्हणाली. "मीच सांगेन."