तांबूचे सोळा सोमवार

गाईम्हशी माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. सुभद्राकाकूंचं बघून त्यांच्या तांबू गाईनंही सोळा सोमवार धरले. पहिल्याच सोमवारी तिनं गव्हाणीला पाठ फिरवली.

"पाणी तरी पी गं," शेजारची म्हैस म्हणाली.

"निर्जळी आहे, वहिनी."

संध्याकाळी वासरानं कासेला ढुशा दिल्या, पण दूध घोटभरच! ते हंबरू लागलं.

काकू धावत आल्या. भरलेली गव्हाण पाहून म्हणाल्या, "अगं बाई, मी उपास केला तर मी एकटी उपाशी. तू केलास तर हे लेकरूही उपाशी!"

तांबूनं बादलीभर पाणी, कडब्याच्या दोन पेंढ्या आणि म्हशीची पेंडही फस्त केली.

"अगं, ती माझी होती!"

"रागावू नका, वहिनी. सोळाही सोमवारांचं उद्यापन आजच उरकलं."