एकाच घुमटावर

फार पूर्वी एका माळावर वाळवीची दोन वारुळं शेजारी शेजारी होती. एकानं मजला चढवला की दुसरं दोन चढवायचं.

मातीसाठी खोल खणताना थोरल्या वारुळातली तानी एका अफाट पोकळीत उतरली. पूर्वजांनी घडवलेले शेकडो खांब वर एकाच घुमटाला मिळाले होते. ती पाहतच राहिली.

तिथं धाकट्या वारुळातली बयो खांब पोखरत होती.

"कशाला पोखरतेस?"

"वर मजला चढवायचाय. तू कशाला आलीस?"

तानी त्याचसाठी आली होती. ती हळूच म्हणाली, "बयो, आपली दोन्ही वारुळं याच घुमटावर उभी आहेत."

बयोनं वर पाहिलं. मग तोंडातली माती तिनं खांबाला परत लिंपली. तानीही शेजारी लिंपायला लागली.

त्या दिवशी कुठलंच वारूळ वाढलं नाही.