भिंतीबाहेरचा दोर

केकतवाडीत शिरलं की आधी चिंच दिसते. चिंचेच्या फांदीला चर्चची घंटा टांगलेली आहे आणि घंटेचा दोर भिंतीच्या आत नाही, बाहेर रस्त्यावर लोंबतो. मनगटाएवढा जाड दोर. येणारा जाणारा विचारतो, घंटा तुमची आणि दोर रस्त्यावर कसा? कोणी खोडी काढील, गुरं चघळतील, आत घ्या की. असं शहाणपण शिकवणारे फार येतात. त्यांनी ते आपल्या घरी ठेवावं आणि दोन घटका सावलीत बसून ऐकावं.

फार मागची गोष्ट. चिंचेमागच्या या आळीत रखमाजी वैरागर नावाचा दोर वळणारा होता. घायपाताची पानं तळ्यात कुजवायची, झोडायची, त्यातून पांढरा वाख, म्हणजे तंतू, काढायचा आणि वाखाचा दोर वळायचा, हा त्याचा बापजाद्यांचा धंदा. बैलाचा कासरा, गाईचं दावं, मोटेचा नाडा, सगळं गाव त्याच्या पिळावर चालायचं. बदल्यात सुगीला खळ्यावर त्याच्या वाट्याचं धान्य मिळायचं. तेही लांब उभं राहून, वरून टाकलेलं.

पुढं रखमाजीनं बाप्तिस्मा घेतला. का घेतला हे कोणी नीट सांगत नाही. पोटासाठी घेतला असं गाव म्हणायचं. पोटासाठी घेतला असता तर पोट तरी भरलं असतं. झालं उलटंच. त्याचं नाव शिमोन पडलं, त्याची बायको दगडाबाई मार्था झाली, आणि गावचे पाटील हैबतराव यांनी खळ्यावरचा वाटा बंद केला. "ज्या देवाकडं गेलास त्याच्याकडं माग," म्हणाले. गावानं दोर बाजारातून आणायला सुरुवात केली.

शिमोन लांबच्या जत्रांत दोर विकायला लागला. मग एका दुपारी त्याच्या अंगणात वाळत घातलेल्या वाखाला आग लागली. सगळा वाख गेला. आग पाटलाच्या गड्यानं, धोंडीनं लावली, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि पाहिलं मात्र कोणी नव्हतं. त्या हिवाळ्यात शिमोनची म्हातारी आई वारली. आगीनं नाही, उपासानं. मरताना तिनं भाकरीचं नाव काढलं होतं, आणि घरात पीठ नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण शिमोननं ते मरेपर्यंत लक्षात ठेवलं.

शिमोनच्या मागून आळीनंही बाप्तिस्मा घेतला. त्यांनी मातीच्या भिंती घालून प्रार्थनेची जागा केली, भोवती आवाराची भिंत घातली, आतल्या चिंचेला घंटा बांधली. सकाळ-संध्याकाळ घंटा वाजायची. पाटलाला ते सहन होईना. माझ्या गावात कोणी कधी उठायचं ते मी ठरवणार, असा त्याचा खाक्या. धोंडीनं भिंतीवर चढून कोयत्यानं घंटेचा दोर कापला. दुसरा बांधला, तोही कापला. तेव्हा शिमोननं तिसरा असा वळला की त्यानं बैल बांधावा. लांबही इतका ठेवला की चिंचेच्या बुंध्याला वेढे घालून उरेल. "आता कापायला बसला तर दुपार होईल त्याची," म्हणाला. हा दोर भक्तीनं वळलेला नव्हता. प्रत्येक पिळाला त्यानं हैबतरावाला शिवी दिली होती, असं सांगतात.

शिमोन रोज प्रार्थनेला बसायचा. पण प्रभूच्या प्रार्थनेत एक ओळ येते, आपल्या वाईटावर असलेल्यांना माफ करण्याची. ती ओळ आली की तो तोंड मिटून घ्यायचा. त्याचा आवाज मोठा होता, त्यामुळं तो गप्प झाला की सगळ्या सभेला कळायचं. पाद्रीसाहेब घोड्यावरून यायचे, त्यांनी समजावलं. शिमोन म्हणाला, "सायेब, खोटं बोलू नये असंबी तुमीच शिकवता. मी माफ केलेलं न्हाई. मंग केलं म्हणून कसं म्हणू?" साहेब घोड्यावर बसून गेले.

आणि एक रोजचीच गोष्ट. आळीचं गाणं सुरू झालं की भिंतीबाहेरून दगड यायचे. कौलं फुटायची. म्हणून आळीनं एक रीत पाडली होती. दगड पडला की बाहेर जायचं नाही, भांडायचं नाही, आवाज वाढवायचा. दगड जितके जास्त, गाणं तितकं मोठं.

तर एका रविवारी, शेजारच्या गावचा बाजारही त्याच दिवशी, गावातली धडधाकट माणसं बाजाराला गेलेली. पाटलाच्या मळ्यात नवी विहीर खणत होते, तिला झरा लागला होता. हैबतरावाला धीर निघेना. धोंडीला दोर सोडायला लावून तो पाटीत बसला आणि पाणी बघायला खाली उतरला. दोर बाजारातला. वरून नवा दिसत होता, आत कुजका भरलेला. मधेच तुटला. पाटील तळाला आदळला, वरून काठाचा धोंडा सुटला तो त्याच्या पायावर बसला. आणि झरा काही थांबणार नव्हता. पाणी चढत होतं.

पाटलीणबाई धावत आळीला आल्या. एवढा लांब आणि एवढा जाड दोर गावात एकच होता. पण भिंतीच्या आत पाऊल टाकायचं नाही ही त्यांच्याच नवऱ्याची आज्ञा. त्यांनी बाहेरून हाका मारल्या. आत गाणं चालू होतं. त्यांनी दगड उचलला आणि कौलावर मारला. आत आवाज वाढला. आणखी एक मारला. आणखी वाढला. बाई रडत रडत दगड मारतायत आणि आतले लोक छाती फोडून गातायत, असा तो प्रकार.

शेवटी एक कौल मार्थाच्या पुढ्यात पडलं. ती काही रीतभात पाळणारी बाई नव्हती. तोच तुकडा हातात घेऊन बाहेर आली. "कोन गं ती भवाने, तुझं..." इतकं तोंडातून गेलं आणि समोर पाहते तर पाटलीणबाई, अनवाणी, डोक्यावर पदर नाही.

"मालक हिरीत पडल्यात," बाई म्हणाल्या. "तुमचा दोर द्या."

मार्थानं आत येऊन सांगितलं. गाणं थांबलं. सगळे शिमोनकडं बघायला लागले. शिमोन बसल्या जागचा हलला नाही. "देवाला डोळं हायेत तर," एवढंच म्हणाला.

"व्हय, हायेत," मार्था म्हणाली. "तुमच्यावर बी हायेत. उठा."

"माझी आई भाकर भाकर करत गेली, दगडे."

"माझ्या मांडीवर गेली. मला नका सांगू." मग ती खाली वाकून त्याच्या कानाशी बोलली, पण तिचं हळू बोलणंही साऱ्या आळीला ऐकू यायचं. "ती ओळ तोंडानं म्हणत न्हाई ना तुमी? नका म्हणू. हातानं म्हणा."

शिमोन उठला. चिंचेवर चढून दोर सोडला, खांद्यावर घेतला आणि मळ्याकडं निघाला. वाटभर शिव्या देत गेला, म्हणे. मागून आळी.

विहिरीवर गावातली म्हातारीकोतारी, बायका आणि धोंडी जमलेले. शिमोननं आत डोकावलं. पाणी पाटलाच्या कमरेला आलं होतं.

"कोन हाय?" खालून आवाज आला.

"मी. रखमाजी. शिमोन."

"तुझा दोर नको मला, बाटग्या! बाजारातनं मानसं येऊ दे!"

"बरं झालं!" शिमोन वरून ओरडला. "मर मंग, हैबत्या!"

पाटलाला अरेतुरे करणारा माणूस गावानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. शिमोन खरंच माघारी वळला. पण दोराच्या वेटोळ्यावर मार्था बसून होती आणि ती उठायला तयार नव्हती. पाटलीणबाई म्हणाल्या, "भाऊ, त्यांचं नका ऐकू. त्यांचं कवा कोनी ऐकाया पायजे हुतं?"

आता अडचण अशी, की पाटलाच्या पायावरच्या धोंड्याला दोर बांधायला कोणीतरी खाली जायला हवं, आणि धोंडा ओढायला आळीचे हात पुरणारे नव्हते. गावच्या लोकांनाही तोच दोर धरावा लागणार. आणि आळीनं धरलेला दोर आपण धरला तर बाटलो, असं मानायची ती वेळ. म्हातारे एकमेकांची तोंडं बघत उभे. शिमोननं दोराचं एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं टोक नेऊन धोंडीच्या हातात दिलं.

"दोनदा कापलास न्हवं? आता धर."

धोंडीनं ते धरलं. मग पाटलीणबाईंनी धरलं. मग बाकीच्यांना लाज वाटली.

शिमोन खाली उतरला. पाण्यात त्याचं आणि पाटलाचं काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. चांगलं बोलणं झालं नसणार. त्यानं कमरेचा दोर सोडून धोंड्याला घातला, वरून ओढ बसली, धोंडा कलला आणि पाय मोकळा झाला. मग त्यानं तोच दोर पाटलाच्या काखेखालून आवळला. पाटील वर गेला. शिमोन खाली राहिला, छातीएवढ्या पाण्यात, दोराशिवाय.

वर आरडाओरडा चालू होता. पाटलाला झोपवा, पाय बघा, पाणी पाजा. आळीची माणसंही त्या गर्दीत सापडली. खाली शिमोनला आकाशाचा गोल तेवढा दिसत होता आणि त्या गोलात एकही डोकं नव्हतं. पाणी गळ्याला आलं. त्याला वाटलं, संपलं. ज्यांनी वाख जाळला, आई मारली, त्यांच्या हातात आपणच आपला दोर दिला. एवढा मूर्ख माणूस पंचक्रोशीत नसेल. त्याला राग आला पाटलाचा, धोंडीचा, बायकोचा, पाद्रीसाहेबाचा आणि शेवटी देवाचाही. असं सांगतात, की रागवायला कोणी उरलं नाही तेव्हा ती ओळ त्यानं तिथं म्हटली. ऐकायला कोणी नव्हतं. खरंखोटं ज्याचं त्याला माहीत.

मग दोर खाली आला. त्याचा पीळ शिमोनच्या हाताला ओळखीचा लागला. वर येऊन पाहिलं तर दोर सोडणारा धोंडी.

यानंतर गाव एक झालं, असं ऐकायची ज्यांना हौस आहे त्यांनी दुसऱ्या गावाला जावं. हैबतरावानं गोमूत्रानं अंघोळ केली आणि विहीर शुद्ध करून घेतली. खळ्यावरचा वाटा बंदच राहिला. पाय कायमचा लंगडा झाला त्याचा दोषही त्यानं शिमोनलाच दिला, उशिरा आला म्हणून.

पाटलीणबाई मात्र भिंतीबाहेर येऊन मार्थाशी भांडल्या. "मी दगड मारतेय आन् तुमी गानी म्हनताय?"

"रोज मारता," मार्था म्हणाली. "आजचा दगड येगळा हाय हे आमी कसं वळखावं?"

हे शिमोननं ऐकलं. पाटलीणबाईंचा मुद्दा खोटा नव्हता. मग त्यानं घंटेला पुन्हा दोर बांधला, आणि दोराचं टोक भिंतीवरून बाहेर रस्त्यावर टाकलं. उभं राहून मोठ्यानं ओरडला, "आत यायला पायाला काटं टोचत्यात न्हवं तुमच्या? घ्या, भाईर टाकला. जीवावर बेतलं तर वढा. आमी येऊ. पन गोड बोलत येनार न्हाई!"

आळी घाबरली. भिंतीच्या आत होता तेव्हा दोर दोनदा कापला, बाहेर टाकल्यावर टिकतो कशाचा? आणि तसंच झालं. आठवडाभरात दोर कापलेला सापडला. शिमोननं नवा वळला आणि बाहेर टाकला. तोही गेला. पाद्रीसाहेब म्हणाले, आत घ्या. शिमोन म्हणाला, "सायेब, हिरीत हुतो तवा वर दोर त्यांच्याच हातात हुता. तवा भरवसा ठेवला, आता काढून घेऊ व्हय?" आणि पुन्हा वाख झोडायला बसला.

मग एका सकाळी हैबतराव काठी टेकत भिंतीबाहेर आला आणि दोरापाशी बसला. ऊन खायला बसलोय, म्हणाला. दुसऱ्या दिवशीही आला. रोज यायला लागला. बाहेरून तो शिमोनला शिव्या द्यायचा, आतून शिमोन त्याला द्यायचा, आणि संध्याकाळपर्यंत दोराला हात लावायची कोणाची छाती होत नसे. पाटील मरेपर्यंत हे चाललं. आभाराचा शब्द त्याच्या तोंडून शेवटपर्यंत निघाला नाही.

आजही दोर रस्त्यावरच असतो. कोणाचा बैल गाळात रुतो, ट्रॉली उलटो, बाई अडो, कोणीही कोणत्याही जातीचा येऊन तो ओढतो, आणि आळी हातातलं काम टाकून धावते. तोंडानं बडबडत येते, पण येते. ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्यासाठीही येते, काम करते आणि न बोलता परत जाते. नाताळाच्या आधी नवा दोर वळतात. त्या दिवशी भाषण नसतं, हार नसतात.

आणि माणसं सुधारली असं समजू नका. आजही वर्षा-दोन वर्षांनी कोणाच्या तरी अंगात येतं आणि दोर कापलेला सापडतो. कोणी कापला याची आळी चौकशी करत नाही. आधी वाख भिजत घालते, मग शिव्या देते.