बिनगाठीचं टोपडं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा मेंढ्या बोलत असत आणि माणसं त्यांचं बोलणं मनावरही घेत असत.

एका थंड, डोंगराळ राज्यात एक रीत होती. घरात बाळ जन्मलं, की घरातल्या कुणा वडीलधाऱ्या माणसाने बाराव्या दिवसाच्या आत आपल्या हाताने त्याच्यासाठी लोकरीचं टोपडं विणायचं. टोपडं डोक्यावर चढलं, की मगच बाळाचं नाव ठेवायचं. टोपडं नाही, तर नाव नाही. खालच्या आळीतल्या एका आळशी आजोबांचा नातू तीन वर्षांचा झाला होता, तरी सगळे त्याला अजून ‘ए’ अशीच हाक मारत.

त्याच राज्यात एक वृद्ध पंडित राहत होते. सहा शास्त्रं त्यांना मुखोद्गत होती. पण आपलं चुकेल, या धास्तीने ते साध्या प्रश्नाचं उत्तरही चार ग्रंथ चाळल्याशिवाय देत नसत. ‘आज पाऊस पडेल का हो?’ असं कोणी विचारलं, तरी ‘उद्या सांगतो’ म्हणत.

त्यांच्या घरी नात जन्मली. आजवर घरातली टोपडी पंडितांच्या पत्नी विणत आल्या होत्या. त्या मागच्या वर्षी गेल्या. आता घरात वडीलधारे उरले ते पंडितच.

सुनेने सासूच्या बांबूच्या दोन सुया त्यांच्यापुढे ठेवल्या. “मामंजी, जमेल ना? नाहीतर आपल्या बाळीलाही सगळे...” पुढचं अक्षर तिने गिळलं.

पंडितांनी तीन दिवस ग्रंथ धुंडाळले. विणकामावर एक ओळ सापडेना. चौथ्या दिवशी ते सुया उपरण्यात लपवून टेकडीवरच्या धुरपाबाईकडे गेले. धुरपाबाई मेंढ्या राखायची आणि चालता चालता, हाताकडे न बघता विणायची.

“आधी व्याख्या सांगा,” पंडित म्हणाले. “टाका म्हणजे काय?”

“हे बघा,” धुरपाबाई म्हणाली. “झाला.”

“काय झाला?”

“टाका!”

कवडी नावाची तिची म्हातारी मेंढी शेजारी गवत चघळत होती. ती खोकल्यासारखी हसली.

धुरपाबाईने लोकरीचा एक गोळा काढला. “ही कवडीची लोकर. यंदाचा शेवटचा गोळा आहे बुवा, जपून वापरा.” मग तिने पंडितांच्या एका सुईवर टाके घालून दिले आणि म्हणाली, “चारच गोष्टी करायच्या. टाक्यात सुई घाला. धागा गुंडाळा. बाहेर काढा. आणि जुना टाका पहिल्या सुईवरून सोडा. घाला, गुंडाळा, काढा, सोडा.”

घालणं जमलं. गुंडाळणं जमलं. काढणंही जमलं. सोडायची वेळ आली, की पंडितांचा हात थांबे.

“सोडला आणि निसटला तर?”

“निसटेल कसा? नव्या टाक्याने धरलंय ना त्याला.”

“पण समजा...”

“सोडा हो बुवा!” कवडी ओरडली. “तोवर माझ्या अंगावर नवी लोकर येईल!”

पंडितांनी डोळे मिटून तो टाका सोडला. तो निसटला नाही. तरीही त्यांना भरवसा वाटेना. घरी जाऊन त्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येक टाका सोडण्याआधी ते त्याला मागच्या बाजूने एक बारीकशी गाठ मारू लागले. आता निसटायचं नावच नको! पाच दिवस ते दारं लावून बसले. नवव्या दिवशी मोठ्या समाधानाने त्यांनी ते टोपडं बाळीच्या डोक्यावर ठेवलं.

टोपडं डोक्यात शिरेचना. ते लिंबाला बसेल एवढंच झालं होतं, आणि करवंटीसारखं कडक. बाळीने भोकाड पसरलं.

पंडित धापा टाकत टेकडीवर गेले. धुरपाबाईने टोपड्यावर बोटाने टिचकी मारली. टक्क असा आवाज आला.

“टोपडं कसलं, वाटी आहे ही,” कवडी म्हणाली. “ताक प्यायला बरी.”

“उसवा,” धुरपाबाई म्हणाली.

“उसवेना!” पंडित म्हणाले. “हजार गाठी आहेत. सहा शास्त्रं शिकलो, धुरपाबाई, आणि माझ्यापायी नातीला नाव मिळणार नाही.”

 धुरपाबाईने आपल्या हातातलं अर्धं झालेलं विणकाम सुईवरून काढलं आणि धागा ओढला. सर्रकन एक ओळ गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. महिनाभराचं काम बघता बघता मांडीवर लोकर होऊन पडलं.

“अहो, हे काय केलंत!” पंडित उभेच राहिले.

“मधे एक टाका उलट पडला होता,” ती म्हणाली. “शोधा बघू यात एक तरी गाठ.”

पंडितांनी धागा बोटांतून फिरवला. एकही गाठ नव्हती. एवढी ऊब, एवढी वीण, आणि सगळं एकाने दुसऱ्याला धरण्यावर उभं!

“गाठ नाही, म्हणून चुकायला भीती नाही,” धुरपाबाई म्हणाली. “बसा आता. तुमच्या गाठी सोडवू. कवडे, तू दात लाव.”

तिघांनी मिळून त्या हजार गाठी सोडवायला पुरता एक दिवस गेला. उरलेल्या दोन दिवसांत पंडित विणायला बसले ते थेट अंगणात, सगळ्यांच्या देखत. चुकले, की उसवत. उसवताना आधी कपाळाला आठ्या पडत, मग हसू येऊ लागलं. अकराव्या दिवशी दुपारी ते ‘घाला, गुंडाळा, काढा, सोडा’ ताल धरून म्हणत होते आणि गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत होती.

बाराव्या दिवशी बाळीच्या डोक्यावर मऊ टोपडं बसलं. आत्याने पाळण्यावर वाकून विचारलं, “बाबा, नाव काय ठेवायचं?”

पंडितांनी एकही ग्रंथ उघडला नाही. “ऊर्णा,” ते लगेच म्हणाले.

“म्हणजे काय?” बारशाला आलेल्या धुरपाबाईने विचारलं.

“लोकर.”

“म्हणजे माझंच नाव!” कवडी दारातून म्हणाली आणि तिने मान उंच केली.

इतक्यात पंडितांची नजर टोपड्यावर गेली. कानाजवळ एक टाका उलट पडला होता. त्यांचा हात धाग्याकडे गेला.

“राहू द्या, बुवा,” धुरपाबाई हसली. “पोर वाढेल, तेव्हा हेच उसवून मोठं विणायचंय.”

पंडितांनी हात मागे घेतला. पुढे ऊर्णा सात वर्षांची होईपर्यंत त्यांनी तीच लोकर पाच वेळा उसवली आणि पाच वेळा विणली, दर वेळी थोडा नवा धागा जोडून. आणि पाऊस पडेल का, असं कोणी विचारलं, तर ते आभाळाकडे बघून सांगत, “पडेल बहुतेक. नाही पडला, तर माझं चुकलं म्हणा.”

मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, तात्पर्य एवढंच: ज्याला उसवायची लाज वाटत नाही, त्यालाच विणता येतं.