कमळाच्या खालचं चाक

डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात, नदीकाठच्या गावी, एक लोहार राहत होता. त्याच्या हातची कडी कधी मोडली असं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. बायको देवाघरी गेलेली. एकुलती एक लेक गावातच, खालच्या आळीत, नदीला लागून दिलेली. रोज संध्याकाळी भट्टी थंडावली की तो नातीला खेळवायला लेकीकडे जायचा. त्याचं सगळं सुख तेवढंच होतं.

राजाने नदीवर बांध घालायचं मनावर घेतलं. बेत चांगलाच होता. पाणी फार चढलं तर सोडून देता यावं म्हणून बांधात एक दरवाजा ठेवला, आणि दरवाजा उघडायला लोखंडी चाक. चाकाचं काम लोहाराला मिळालं. तीन महिने खपून त्याने ते असं घडवलं, की पोराने एका हाताने फिरवावं.

आता राजाचे गुडघे दुखायचे. पहिलं पाणी सोडायचा मान त्याचा, पण बांधाच्या माथ्यावर जायचं म्हणजे साठ पायऱ्या. म्हणून बांधाचा नकाशा काढणाऱ्या स्थपतीने चाकासाठी आतल्या, पाण्याच्या बाजूला, निम्म्या उंचीवर, काठावरून सरळ चालत जाता येईल असा देखणा मंडप उभारला. पाणी कुठवर चढलं की सोडायचं ते कळावं म्हणून पाथरवटाने राजगणकाच्या सांगण्यावरून बांधावर एक कमळ कोरलं. पाणी कमळाला टेकलं की चाक फिरवायचं, त्याआधी थेंबही सोडायचा नाही, असा हुकूम निघाला.

चाक बसवायला लोहार मंडपात गेला आणि त्याने सहज मान वर केली. कमळ मंडपाच्या छपराच्याही वर होतं.

त्याने स्थपतीला गाठलं. "धनी, पाणी कमळापर्यंत येईल, तेव्हा हे चाक कुठं असेल?"

स्थपतीने वर पाहिलं, खाली पाहिलं. माणूस हुशार, त्याला तेव्हाच उमगलं, आणि उमगलेलं त्याने तिथल्या तिथे गिळूनही टाकलं.

"तुझं चाक नीट फिरतं ना?"

"फिरतं की."

"मग झालं. कमळ गणकाचं, मंडप माझा. तुला चाकाचं विचारलंय, तू चाकाचं बोल. नकाशावर महाराजांची मोहोर उठली आहे. आता हा विषय काढशील तर तूही अडकशील आणि मीही."

खरं सांगायचं तर हे ऐकून लोहाराला हायसं वाटलं. सगळं बिघडलं ते इथेच. त्याला राग आला असता, तर तो कदाचित पुढे कुणाशी बोलला तरी असता.

त्या राज्यात रीत अशी होती, की नवं काम खुलं करण्याआधी प्रत्येक कारागिराने गावासमोर नारळावर हात ठेवून आपापल्या कामाची ग्वाही द्यायची. पाथरवट म्हणाला, "माझं कमळ निर्दोष." गणक म्हणाला, "माझं गणित निर्दोष." स्थपती म्हणाला, "माझा मंडप निर्दोष." अख्ख्या बांधाची ग्वाही कुणी द्यायची, हे मात्र रीत घालून देणाऱ्या शहाण्यांना सुचलंच नव्हतं. लोहाराची पाळी आली. समोर लेक उभी होती, कडेवर नात. त्याने नारळावर हात ठेवला आणि म्हणाला, "माझं चाक निर्दोष आहे." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. गावाने टाळ्या वाजवल्या.

दोन वर्षं सुखाची गेली. तिसऱ्या वर्षी श्रावणात चार दिवस पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी सकाळीच लोहार लेकीच्या दारात गेला.

"पोरीला घे आणि डोंगरावरच्या देवळात चल."

लेक हसली. "आबा, तुम्हीच नारळावर हात ठेवलात ना? तुमचं काम कधी बिघडलंय का?"

लेकीसमोर खरं बोलायची लोहाराला लाज वाटली. तो वळला आणि बांधाकडे धावत सुटला. पाणी मंडपाच्या ओट्याला लागलं होतं. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला.

"अजून कमळाला टेकलं नाही, बाबा."

"अरे, टेकेल तेव्हा चाक पाण्याखाली असेल. आत्ताच फिरवू दे मला."

"मला हुकूम कमळाचा आहे. तुमचं ऐकून आधी सोडलं आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, तर मान माझी जाईल."

लोहाराने हात जोडले, पाय धरले. बघता बघता चाक बुडालं, मग छप्परही. दुपारी पाणी कमळाला टेकलं, तसा पहारेकऱ्याने भाला बाजूला घेतला. "हं, आता फिरवा," तो म्हणाला. बिचारा थट्टा करत नव्हता. तो हुकूम पाळत होता.

लोहाराने उडी घेतली. पाण्याखालीही चाक अलगद फिरत होतं. पण दरवाजा उघडायला चाळीस फेरे लागत, आणि एका दमात त्याचे दोन होत. सातव्या बुडीला तो वर आलाच नाही, तेव्हा पहारेकऱ्याने पाण्यात उतरून त्याला ओढून काठावर घेतलं. त्याच वेळी बांध मधोमध फुटला आणि खालची आळी वाहून गेली. लेक चार कोसांवर सापडली. नात सापडलीच नाही.

राजाने चौकशी बसवली. कमळ तपासलं, ते ठरल्या जागी होतं. गणित बरोबर निघालं. मंडपाचा एक दगडही हलला नव्हता. चिखलातून चाक काढलं, तेही फिरत होतं. सगळे निर्दोष ठरल्यावर दोष द्यायला नदीच काय ती उरली, तेव्हा तो तिला दिला. नवा बांध जुन्याच नकाशावर घालायचं ठरलं आणि चाक बसवण्यासाठी लोहाराला दरबारात बोलावणं आलं.

"महाराज," लोहार म्हणाला, "चाक कमळाच्या वर बसवा. ते वर असतं तर माझी माणसं आज जिवंत असती. पहिल्याच दिवशी मला हे दिसलं होतं."

राजाने विचारलं, "दिसलं होतं, तर त्या दिवशी का बोलला नाहीस?"

लोहाराची नजर स्थपतीकडे वळली. स्थपती हळूच राजाच्या कानाशी वाकला. "लेक गेल्यापासून त्याचं चित्त ठिकाणावर नाही, महाराज."

दरबाराला ते पटलं. चाक दुसऱ्या एका लोहाराने बसवलं, त्याच जागी. खालच्या आळीत पुन्हा घरं उठली, आणि नारळावर हात ठेवायच्या दिवशी गावाने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य, ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं: आपल्या वाट्याचं काम चोख आहे म्हणून समोर दिसणाऱ्या चुकीवर गप्प राहणारा निर्दोष नसतो, आणि माणसं गेल्यावर बोललेलं खरं कुणाच्याही उपयोगाचं राहत नाही.